तेल पाजलेले टायर

मुंजाजीची तीनचाकी फटफटी गावात आली त्या दिवशी लोकांनी आधी तिची चाकं मोजली. पुढून पाहिलं तर मोटारसायकल, मागून पाहिलं तर हातगाडी. पूर्णेच्या एका मिस्त्रीनं जुन्या मोटारसायकलचं पुढचं धड तसंच ठेवलं होतं आणि मागं दोन चाकांवर लोखंडी साटा बसवून दिला होता. साट्यात दुधाचे सहा कॅन मावत. सकाळी गावचं दूध घेऊन अडीच कोसांवरच्या चुडाव्याला जायचं, तिथं डेअरीच्या गाडीत कॅन चढवायचे आणि रिकामे कॅन घेऊन परत यायचं, एवढंच तिचं काम. पण ते रोजचं होतं, आणि डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नसे.

लिंबाजीला ती पहिले दोन महिने अजिबात आवडली नाही. लिंबाजी म्हणजे मुंजाजीचा बाप. घरची बैलजोडी विकून लेकानं हे लोखंड आणलं, याचा राग त्यानं बोलून नाही, न बोलून काढला. फटफटी अंगणात उभी असली की तो तिच्याकडं पाठ करून चऱ्हाट वळत बसे. पण ज्याचा जन्म दावणीपाशी गेला, त्याला दावणीच्या जागी उभ्या असलेल्या कशाचीही विचारपूस केल्याशिवाय राहवत नाही. हळूहळू तो साट्याला लागलेला चिखल खरडून काढू लागला. मग आभाळ भरून आलं की तिच्यावर पोतं टाकू लागला. चैत्रात ऊन तापलं तेव्हा त्याला दिसलं, की टायरांच्या कडांना बारीक बारीक चिरा पडल्या आहेत, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा.

चिरा पडल्यावर काय करायचं हे लिंबाजीला कुणी शिकवायला नको होतं. मोटेचं चामडं, जुवाच्या वाद्या, पायातली वहाण, सगळ्यांना त्यानं आयुष्यभर तेल पाजलं होतं. वेळेवर तेल पाजलेलं चामडं पिढीभर साथ देतं. रबर काय नि चामडं काय, दोन्ही शेवटी मातीतच घासायचं. त्यानं करडीच्या तेलात इंजिनातून काढलेलं काळं तेल मिसळलं, कारण तेही फुकट का घालवायचं. मग अमावास्येला, बैल जुंपत नाहीत त्या दिवशी, दुपारी मुंजाजी झोपलेला बघून तिन्ही टायर तळहातानं चोळून काढले. चिरा बुजल्या, टायर काळेभोर दिसू लागले. लिंबाजीला बरं वाटलं. पुढं दर अमावास्येला त्यानं हा नेम चालवला. त्यात चोरून करण्यासारखं काही नव्हतं. पण बैल विकले म्हणून तोंड फुगवून बसलेला बाप यंत्राचे पाय चोळतोय, हे लेकानं बघू नये असं त्याला वाटे. म्हातारपणी माणसाला आपला रागही मोडवत नाही.

भादव्यात, पोळा होऊन पंधराएक दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. सकाळी नवाला परत येणारी फटफटी दुपार झाली तरी आली नाही. लिंबाजी दोनदा वेशीपर्यंत जाऊन आला. तिसऱ्यांदा उठणार तोच ती दिसली. इंजिन बंद होतं. मुंजाजी हँडल धरून वाकून चालला होता आणि मागून सूर्यभान रेटत होता. दोघंही गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले.

सूर्यभान बौद्धवाड्यातला, मुंजाजीबरोबर सातवीपर्यंत शिकलेला. कॅन चढवणं, फटफटी धुणं, चिखलात रुतली की रेटणं ही कामं त्याची, आणि दुधाच्या हप्त्यातला ठरलेला वाटा त्याचा. नामांतराच्या भांडणाला सात वर्षं होऊन गेली होती. गावात तेव्हा काही जळालं नव्हतं, तरी पाणवठ्यावर नि पारावर दोन्हीकडच्या माणसांचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. ही दोन पोरं मात्र एका साट्यावर बसून, एका पुडीतले फुटाणे खात चुडाव्याहून येत. ते बऱ्याच जणांना खुपत होतं, पण दूध वेळेवर पोचत होतं म्हणून कुणी बोलत नव्हतं.

त्या दिवशी दूध पोचलं नव्हतं. मागचं उजवं टायर कडेनं फाटून ट्यूब बाहेर आली होती. रेटत चुडाव्याला नेईपर्यंत डेअरीची गाडी निघून गेली आणि सहा कॅन दूध उन्हात नासलं. अंगणात दूध घालणारी माणसं जमली. सगळ्यांत जास्त दूध किशनरावांचं, त्यांच्या चार म्हशी. ते ओट्यावर बसले, बाकीचे उभे राहिले.

मुंजाजीनं डाव्या टायरवर अंगठा दाबून दाखवला. भाकरीच्या पिठात बोट रुतावं तसा तिथं खड्डा पडला.

"तिन्ही गेलेत, आबा," तो लिंबाजीला म्हणाला. "अजून वर्षबी झालं न्हाई. चुडाव्याचा पंक्चरवाला म्हनला, ह्येला कुनीतरी तेल लावलंय. तेलानं रबर फुगतंय, मऊ पडतंय. एकदा न्हाई, लय दिस लावलंय म्हनला."

लिंबाजीच्या हातातलं चऱ्हाट थांबलं. कानाच्या पाळ्या एकदम गरम झाल्या. चार माणसांत, तेही किशनरावांसमोर, आपण टायरला मालिश करत होतो असं कसं सांगावं? जरा ही माणसं पांगू देत, मग लेकाला बाजूला घेऊन सांगू, असं त्यानं ठरवलं. तेवढ्या अवधीत किशनराव बोलून गेले.

"रातचं कोन येतंय तुज्या अंगनात? कुत्रं हाय की बांधलेलं. रोज दिसा गाडी धुवायला कोन बसतंय, ते बग."

कुणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्यांच्या माना सूर्यभानकडं वळल्या. तो नासलेल्या दुधाचे कॅन पालथे करत होता. त्यानं एकदा वर पाहिलं, लोकांकडं नाही, लिंबाजीकडं. मग पुन्हा खाली बघून कॅन खंगाळू लागला.

"त्यो कामून करील?" मुंजाजी म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता. नासलेल्या दुधाचा वास अंगणभर पसरला होता आणि उद्या दूध कुठं घालायचं हे बायामाणसं आपसात बोलू लागली होती.

"त्येला कुनी शिकवलं असंल तर?" किशनराव म्हणाले. "आजकाल कुनाच्या मनात काय हाय, सांगता येतंय का?"

संध्याकाळी मुंजाजीनं सूर्यभानला वेशीपाशी गाठलं. लिंबाजी मागं उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"टायर येईस्तोवर दुसरं काम बग," मुंजाजी म्हणाला. "मंग बगू."

"बरं," सूर्यभान म्हणाला. डोक्याचा पंचा सोडून त्यानं खांद्यावर टाकला आणि निघून गेला. त्यानं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर लिंबाजीला बोलता आलं असतं, असं लिंबाजी स्वतःला सांगत राहिला.

जेवताना सरजाबाईनं नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली आणि हळूच म्हणाली, "आवं, तुमच्या हाताला अवसंला काळ्या तेलाचा वास येत हुता. मी काय खुळी न्हाई."

"गप बस."

"मी गपच हाय. तुमी बोला म्हनते."

"बोलतो की. बोलनारच हाय."

पण बोलायचं राहून गेलं. एक वेळ टळली की दुसरी वेळ जास्त अवघड होते. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर नुसतं हसू झालं असतं. दुसऱ्या दिवशी, इतका वेळ का दडवलं हेही सांगावं लागणार होतं. किशनरावांनी बैलगाडी दिली, पण त्यांच्या गड्यानं ती उशिरा काढली आणि दूध परत नासलं. सून पंचफुला त्याचा खवा आटवत बसली. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते. ती कुणाला काही म्हणत नव्हती, पण पळी कढईवर जोरजोरानं आपटत होती.

त्याच दुपारी लिंबाजी वैरणीला वरच्या शिवारात गेला. तिथं भगवानरावांच्या कापसात बायकांची ओळ खुरपत होती आणि त्या ओळीच्या टोकाला सूर्यभान होता. खुरपणं बायकांचं काम. बाप्या माणूस त्या ओळीत बसला, की त्याला दुसरीकडं कुठं काम मिळालं नाही हे अख्ख्या शिवाराला कळतं. कमरेत वाकून त्याची पाठ ताठली असावी, तो मधूनमधून उठून कमरेवर हात ठेवत होता. बायका त्याला चिडवत होत्या आणि तो हसल्यासारखं करत होता.

"जयभीम, आबा," बांधावरून जाताना तो म्हणाला.

"रामराम," लिंबाजी म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं घशापर्यंत आणलं होतं. पण बायकांनी खुरपी थांबवून कान टवकारले आणि ते वाक्य तसंच परत खाली गेलं. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन घरी येईपर्यंत त्याला स्वतःची शिसारी आली. एवढा मोठा गडी, आणि चार बायकांच्या हसण्याला भ्याला.

तिसऱ्या दिवशी टायर आणायला परभणीला जायचं ठरलं. तिन्ही चाकं उतरवली. एरवी मुंजाजी नि सूर्यभान गेले असते. आता चाकं वाहायला बापच बरोबर निघाला. चुडाव्याच्या फलाटावर एक चाक लिंबाजीच्या खांद्यावर आणि दोन मुंजाजीच्या, असे ते उभे होते. पूर्णेला गाडी बदलताना धावपळीत लिंबाजीच्या खांद्यावरचं चाक निसटून एका मास्तराच्या धोतरावर पडलं. धोतरावर काळा गोल उमटला. मास्तरानं बरंच सुनावलं. लिंबाजी मान खाली घालून ऐकत राहिला. कुणीतरी आपल्याला बोलतंय, याचं त्याला त्या दिवशी बरंच वाटलं.

टायरचं दुकान मोंढ्याजवळ होतं. मालक खाजामिया, मेंदी लावलेल्या लाल दाढीचे. त्यांनी चाक हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि नाक मुरडलं.

"ये कू तेल कौन लगाया रे? जळकं ऑइल हाय हे, अन् खायचं तेलबी हाय. भजे तळायचे हुते का?"

"कुनीतरी वैर काढलंय, चाचा," मुंजाजी म्हणाला.

"वैर?" खाजामियांनी टायरची कड बोटांनी फाकवली. "वैरी असा लगाता नै. वैरी आया तो ब्लेड मारता, खिळा मारता, अन् भाग जाता. ये देख, चारों तरफ सारखं लावलंय, कोपरा-कोपरा. ये तो किसीने प्यार से लगाया."

दुकानात पंपाचा फसफस आवाज चालला होता. लिंबाजी टायरांच्या चळतीला टेकून उभा होता. त्यानं आपल्या तळहातांकडं बघितलं.

"म्या लावलं," तो म्हणाला.

मुंजाजीला आधी वाटलं, बाप भलतंच काही बोलतोय.

"चैतापासून. दर अवसंला. चिरा पडल्या हुत्या, म्हनून. चामड्याला लावतो तसं." त्याचा आवाज बारीक झाला. "मला ठाव नव्हतं, रबराला तेल चालत न्हाई म्हनून."

मुंजाजी खाली बसला. बराच वेळ तो पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची धूळ उकरत राहिला. बापावर ओरडावं असा तो मुलगा नव्हता, आणि हसावं असं आता काही उरलं नव्हतं.

"त्या दिशीच कामून बोलला न्हाईव?" त्यानं विचारलं.

"लाजलो."

"तुमच्या लाजंपायी मी त्येला..." मुंजाजीनं उठून चेहरा पुसला आणि म्हणाला, "टायर दाखवा, चाचा."

खाजामियांनी तीन तऱ्हेचे टायर काढले. एक जुन्यावर नवं रबर चढवलेलं रिमोल्ड, त्याच्यावर बारीक बारीक गट्ट्यांची दाट नक्षी. दुसरं लांब रेघांचं. तिसऱ्याच्या गट्ट्या मोठ्या, पण एकमेकींपासून लांब लांब.

"हे घ्या," खाजामियांनी पहिल्यावर थाप मारली. "स्वस्त में मस्त. नक्षी भरपूर, पकड भरपूर."

मुंजाजीला ते पटलं होतं. त्याचा हात खिशाकडं गेलाही. एवढ्यात लिंबाजी दुकानाच्या पायऱ्या उतरला, रस्त्याच्या कडेला बसला आणि गटाराकाठचा काळा चिखल ओंजळी भरभरून घेऊन आला.

"अरे आबा, दुकान में कीचड?"

"पुसून देतो," लिंबाजी म्हणाला. त्यानं तिन्ही टायर आडवे ठेवले आणि तिन्हींच्या नक्षीत चिखल अंगठ्यानं दाबून दाबून भरला, चूल लिंपतात तसा. मग एकेक उभं करून जमिनीवर आपटलं. रिमोल्डचा चिखल जागचा हलला नाही. नक्षी बुजून ते टायर मडक्यासारखं गुळगुळीत झालं. रेघांच्या टायरचा बराचसा निघाला. मोठ्या गट्ट्यांचा एका आपटण्यात ढेकळं होऊन खाली पडला.

"आमची जिमीन काळी हाय," तो खाजामियांना म्हणाला. फटफटीबद्दल तो पहिल्यांदाच कुणाशी इतकं बोलत होता. "पकड नगं, सोड पायजे. चिखुल धरून बसलं की चाक फिरत न्हाई, नुसतं घसरतंय. पुढं रेघाचं टाका, त्येनं वाट धरायची. मागं हे दोन, त्येंनी रेटायचं."

खाजामियांनी खाली पडलेलं एक ढेकूळ बोटांत दाबून पाहिलं. मग त्यांनी पोराला फडकं आणायला सांगितलं आणि दोघांसाठी चहा मागवला. निघताना लिंबाजीचा दंड धरून म्हणाले, "तेल मात्र नको, आबा. पानी से धोना, सावलीत ठेवायचं. बस."

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसले. पूर्णा गेल्यावर मुंजाजी म्हणाला, "सांजच्याला निरोप धाडतो सूर्यभानला. उद्यापासून ये म्हनतो."

"निरोप नगं. मी जातो."

"तुमी?"

"मी जातो म्हनलो ना."

बौद्धवाड्यात लिंबाजी आजवर विहिरीच्या पलीकडं गेला नव्हता. जायचं काम पडलं नव्हतं, असं तो म्हणाला असता. दिवे लागायच्या आधी तो सूर्यभानच्या दारात उभा राहिला तेव्हा सूर्यभानची आई कस्तुराबाई गडबडून उठली आणि पोतं अंथरलं. तो पोत्यावर बसला. सूर्यभान उंबऱ्यापाशी खुरप्याची मूठ ठोकून घट्ट करत होता.

"सूर्यभाना, टायरला तेल म्या लावलं हुतं," लिंबाजी म्हणाला. वाटेत त्यानं बरीच वाक्यं जुळवली होती. त्यांतलं हे एकच बाहेर आलं.

"मला ठाव हाय, आबा."

"ठाव हाय?"

"आखाडातल्या अवसंला दुपारी मी रिकामे कॅन ठिवायला आलतो. तुमी पुढचं चाक चोळायलालताव. मला वाटलं, काय तरी औषध आसंल. पाय न वाजिवता परत गेलो."

लिंबाजीला काही कळेना. "मंग त्या दिशी बोलला कामून न्हाईस? समदे तुज्याकडं बगायलालते."

सूर्यभाननं खुरपं बाजूला ठेवलं. तो चिडला नव्हता. एखादा हिशोब समजावून सांगावा तसा तो बोलला. "काय बोलू? आबानं लावलं म्हनलो असतो, तर कुनी मानलं असतं? आदीच गाडी बिघडवली, वर म्हाताऱ्यावर ढकलायलाय, म्हनले असते. मुंजाजीबी म्हनला असता. तुमी तितंच बसला हुताव, आबा. तुमी बोलाल म्हनून म्या तुमच्याकडं बगितलं."

कस्तुराबाई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिनं लाकूड आत सरकवलं. लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरानं आलं असं दाखवायचंही त्यानं टाळलं.

"आता बोललो, बाबा. चुकलो म्या."

"मला बोललाव," सूर्यभान म्हणाला. "मला तर ठावच हुतं."

लिंबाजी गुडघ्यावर हात टेकून उठला. उद्या ये, हे सांगायलाच तो आला होता. ते त्याला सांगवलं नाही, आणि सूर्यभाननंही विचारलं नाही.

सकाळी अंगणात दूध जमू लागलं. नवे टायर चढवलेली फटफटी मधोमध उभी होती आणि लोक वाकून वाकून तिच्या चाकांना बोटं लावून बघत होते. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात चरवी. किशनराव आपल्या गड्याबरोबर दोन मोठ्या बादल्या घेऊन आले. मुंजाजी माप हातात घेऊन बसणार, तोच लिंबाजी ओट्यावरून उतरला आणि फटफटीपाशी जाऊन उभा राहिला.

"आयकून घ्या," तो म्हणाला. "पैल्या टायरांला तेल म्या लावलं हुतं. सा महिने. चामड्यावानी टिकतील म्हनून. दुसऱ्या कुनी काय केलं न्हाई. हे मला त्याच दिशी सांगता येत हुतं, पन म्या सांगितलं न्हाई."

क्षणभर कुणाला नीट उमगलं नाही. मग मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू अंगणभर पसरलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. किशनराव सगळ्यांत मोठ्यानं हसले. "काय आबा, टायरला मालिश? मंग शेकबी द्यायचा, ओव्याचा!" लोक पुन्हा हसले. ज्या हसण्याला लिंबाजी तीन दिवस भीत होता ते हेच. तो त्यात उभा राहिला. वाटलं होतं तितकं ते लांबलं नाही.

"हसून झालं का?" तो म्हणाला. "मंग किशनराव, त्या दिशी तुमी सूर्यभानाकडं बोट केलं हुतं. ते आता माज्याकडं करा."

"जाऊ द्या, आबा. झालं गेलं."

"न्हाई. करा माज्याकडं."

किशनरावांनी बोट केलं नाही. ते बादलीत बघू लागले, जणू दुधात काही पडलं होतं. मुंजाजीनं माप खाली ठेवलं, उठला, आणि फटफटीला किक मारली. दूध न घेताच तो वळला आणि बौद्धवाड्याच्या वाटेला लागला.

"आरं, डेअरीची गाडी जाईल की," किशनराव म्हणाले.

"जाईल," लिंबाजी म्हणाला. "थांबायचं तर थांबा, न्हाई तर बादल्या घिऊन जावा."

कुणी गेलं नाही. जाऊन तरी दूध कुठं घालणार? तांबे, चरव्या, बादल्या घेऊन माणसं तशीच उभी राहिली. इंजिनचा आवाज विहिरीपलीकडं गेला आणि थांबला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ऊन ओट्यावर चढलं. पंचफुलानं दुधावर ओली फडकी टाकली. किशनरावांच्या गड्यानं एकदा बादली उचलली आणि मालकाकडं बघून पुन्हा खाली ठेवली. लिंबाजी वाटेकडं तोंड करून उभा होता. सूर्यभान येणार नाही, असं त्याला आता वाटू लागलं होतं. आपण त्याच्या जागी असतो तर आलो नसतो, असंही वाटलं.

मग आवाज परत सुरू झाला. पण तो फार हळू येत होता, चढावर भरलेली गाडी यावी तसा, आणि वाट तर सपाट होती. वळणावर फटफटी दिसली तेव्हा लिंबाजीला कारण कळलं. साटा रिकामा होता. सूर्यभान फटफटीवर बसून येत नव्हता. वाटेच्या मधून आपल्या पायांनी, आपल्या चालीनं तो चालत येत होता. मुंजाजी दोन्ही पाय जमिनीला लावत, मान खाली घालून, त्याच्या बाजूनं त्या चालीला चाल जुळवत गाडी आणत होता.

लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. सूर्यभान अंगणात आला, डोक्याला पंचा गुंडाळला आणि लिंबाजीकडं बघून म्हणाला, "चला, आबा. मापं घ्या. येळ लय झाली."

लिंबाजीनं माप उचललं. पहिलं माप त्यानं दोन्ही हातांनी धरून घातलं.